आजोबांची फियाट

पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात 'एल' हे इंग्रजी अक्षर लावलेली गाडी तुम्ही रस्त्यात कधीतरी पाहिली असेलच. गाडी शिकणाऱ्याची ती खूण. ती दिसली की मागचे लोक उगीचच हॉर्न वाजवून त्या बिचाऱ्याला भंडावून सोडतात. तुम्ही मोठे झालात की असं करू नका हं! आत बसलेल्याचे तळहात घामेजलेले असतात, क्लचवरचा पाय थरथरत असतो आणि शेजारून गेलेली साधी म्हैससुद्धा त्याला ट्रकएवढी वाटते. मला विचारा ना! मीही त्यातून गेले आहे.

आणि एक गंमत सांगू? माणसाची पहिली गाडी सहसा नवी कोरी नसतेच. ती कुणाची तरी जुनी असते. काकांची, मामांची, नाहीतर ओळखीतल्या कुणाची. तिला आधीपासूनच काही ना काही इतिहास चिकटलेला असतो. माझी पहिली गाडी माझ्याहून वर्षाने मोठी होती. ती होती आमच्या आजोबांची फियाट.

फियाट म्हणायचं ते सवयीने. तिच्या कागदपत्रांवर नाव होतं 'प्रीमियर पद्मिनी'. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी तुम्ही जुन्या चित्रपटांत पाहिल्या असतील, त्याच त्या. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीतल्या फियाट कंपनीच्या परवानगीने तिथे फियाटच्या गाड्या बनत. पुढे १९७४ पासून याच गाडीला 'पद्मिनी' म्हणू लागले; चितोडच्या राणी पद्मिनीवरून. पण लोकांच्या तोंडी बसलेलं नाव काही जाईना. कागदावर पद्मिनी, बोलायला फियाट!

आज तुम्ही दुकानात गेलात, पैसे भरले की थोड्याच दिवसांत गाडी दारात येते. तेव्हा तसं नव्हतं. देशात मोटारी बनवणारे कारखाने अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कारखान्याने वर्षाला किती गाड्या बनवायच्या, यालासुद्धा सरकारी परवाना लागे. त्यामुळे आधी पैसे भरून नाव नोंदवायचं आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहत बसायचं. १९९१ पासून सरकारने हे धोरण बदलायला सुरुवात केली, तेव्हा कुठे चित्र पालटायला लागलं.

आणि मोटार घेणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट होती, त्याचं एक उदाहरण सांगते. लालबहादूर शास्त्री आपले पंतप्रधान होते तेव्हाची गोष्ट. घरातल्या मुलांना वाटे, आपलीही एक गाडी असावी. फियाटची किंमत होती सुमारे बारा हजार रुपये आणि शास्त्रीजींच्या खात्यात होते सात हजार. मग देशाच्या पंतप्रधानांनी चक्क बँकेकडे अर्ज करून पाच हजार रुपयांचं कर्ज काढलं! ते कर्ज फिटायच्या आतच, ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला त्यांचं निधन झालं. उरलेलं कर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवींनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी आजही दिल्लीला शास्त्रीजींच्या स्मारकात उभी आहे. गेलात तर जरूर पाहा.

आता आमच्या गाडीकडे वळू.

आमचं गाव वाई. आजोबांचा तिथे छोटासा छापखाना होता. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पावती पुस्तकं, कधी एखाद्या स्थानिक कवीचा संग्रह. छपाईचा कागद पुण्याहून आणावा लागे. एसटीच्या टपावर कागदाची रिमं टाकली आणि वाटेत पाऊस आला की सगळा माल भिजून लगदा! म्हणून आजोबांनी १९७१ साली गाडीसाठी नाव नोंदवलं. नंबर लागला १९७७ साली. सहा वर्षं! नाव नोंदवलं तेव्हा ती फियाट होती, हातात आली तेव्हा पद्मिनी झालेली होती. आजोबांची तोवर पन्नाशी उलटली होती. त्या वयात ते गाडी शिकले.

रंग पांढरट, सायीसारखा. पुढच्या दारांना मोठ्या काचेपुढे एक छोटी त्रिकोणी काच. ती जराशी फिरवली की वाऱ्याचा झोत थेट तोंडावर. तोच आमचा एसी! पुढची सीट सलग, बाकासारखी, कारण गिअरची दांडी खाली नव्हतीच, ती स्टीअरिंगच्या डाव्या अंगाला होती. त्यामुळे पुढे तिघं ऐसपैस बसत. मी दोघांच्या मधे बसायची आणि आजोबांनी गिअर टाकला की "एक… दोन… तीन…" असं मोठ्याने मोजायची.

आजोबा होते भारी शिस्तीचे. गाडीच्या कप्प्यात त्यांनी एक वही ठेवली होती, छापखान्यातच बांधलेली, निळ्या पुठ्ठ्याची. गाडी बाहेर निघाली की त्यात नोंद झालीच पाहिजे. तारीख, मीटरचा आकडा, पेट्रोल किती टाकलं, कुठे गेलो, कशासाठी. आणि दर रविवारी तीन शब्द : पाणी, तेल, हवा. म्हणजे रेडिएटरमधलं पाणी, इंजिनातलं तेल आणि चाकांतली हवा तपासली.

गाडी घेतली कागदासाठी, पण वही चाळली तर कागद आणायच्या फेऱ्यांइतक्याच दुसऱ्या फेऱ्या दिसतात. तेव्हा आमच्या आळीत तेवढी एकच मोटार. रात्री-अपरात्री कुणाच्या घरी काही झालं की लोक आमचंच दार ठोठावत. "रात्री २. शेजारची सून, साताऱ्याला. मुलगा झाला." "पहाटे ४. दूधवाल्याच्या आईला विंचू." "दहावीच्या मुलाची परीक्षा, एसटी चुकली." अशा नोंदींपुढे पैशाचा रकाना कोरा असायचा. आणि १९७८ मधली एक नोंद माझी आहे : "सातारा. नात झाली. येताना गाडी हळू चालवली." मुलांनो, माझ्या जन्माबद्दल लिहिलेलं हे पहिलंवहिलं वाक्य!

आता जरा अवघड गोष्ट सांगायची आहे.

१९९२ सालचा पावसाळा. मी चौदा वर्षांची होते. बाबा बँकेत होते आणि त्यांची बदली कराडला झालेली. ते शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. ती रात्र बुधवारची होती. दोनच्या सुमाराला आजोबांच्या छातीत कळ आली. घाम फुटला, बोलता येईना. घरात आजी, आई आणि मी. गाडी दारात उभी होती. टाकीत पेट्रोल होतं. किल्ली नेहमीसारखी खुंटीला होती. पण ती चालवणारा एकच माणूस होता आणि तोच खाटेवर पडला होता.

शेजारचा दादा भर पावसात सायकल हाणत गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. त्याने भाड्याच्या जीपवाल्याला उठवलं. जीप दारात यायला जवळजवळ तास गेला. साताऱ्याच्या दवाखान्यात आम्ही पोचलो, पण आजोबा घरी परत आले नाहीत. तासभर आधी पोचलो असतो तर काय झालं असतं? हे कुणालाच सांगता यायचं नाही. डॉक्टरही काही बोलले नाहीत. पण अर्ध्या गावाला दवाखान्यात पोचवणारी ती गाडी त्या रात्री आमच्या दारात नुसती उभी होती, एवढं मात्र खरं.

तेराव्यानंतर काकांनी गाडी मागच्या शेडमध्ये ढकलली आणि तिच्यावर ताडपत्री घातली. आजी त्या शेडकडे फिरकेना. अंगणात तुळशीला पाणी घालतानाही ती शेडकडे पाठ करून उभी राही. आम्हाला वाटलं, आजोबांच्या आठवणीने तिला त्रास होतो. म्हणून कुणी विषयच काढला नाही. चार वर्षं गाडी तशीच उभी होती.

तुम्हाला वाटेल, उभ्या गाडीला काय होतंय? झिजत नाही, घासत नाही, उलट नव्यासारखी राहील! पण मोटारीचं उलटं असतं, बरं का. न वापरलेली बॅटरी आपली आपण उतरत जाते आणि फार दिवस उतरलेली राहिली की कायमची मरते. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट डिंकासारखा थर राहतो. एकाच जागी भार पडून टायरला खालच्या बाजूला सपाट चट्टा पडतो. रबरी नळ्यांना भेगा जातात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि त्याने ब्रेकचे आतले भाग गंजतात. आमच्याकडे यात उंदरांनी भर घातली. त्यांनी वायरी कुरतडल्या आणि मागच्या सीटच्या काथ्यात संसार थाटला. जपून ठेवायची म्हणून झाकलेली गाडी ताडपत्रीखाली हळूहळू मरत होती.

१९९६ साली मला अठरावं लागून संपलं. बारावीचा निकाल लागला होता. कॉलेज दूर, म्हणून मला एक छोटी स्कूटर घ्यायचं घरात ठरत होतं. त्याच दिवाळीत मुंबईहून काका आले आणि म्हणाले, "ती फियाट आता काढून टाकू. भंगारवाला बरे पैसे देतोय. जागा तरी मोकळी होईल." बाबा गप्प. आजी आत निघून गेली.

माझ्या मनात बरेच दिवस जे घोळत होतं, ते मी बोलून टाकलं. "मला स्कूटर नको. ते पैसे गाडीच्या दुरुस्तीला घाला. मी गाडी शिकते."

काका हसले. पण आजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "शिकायचीय ना? शीक. पण एका अटीवर. एकटीने शिकायचं नाही. तुझ्या आईनेही शिकलं पाहिजे."

आई चपापलीच. "अहो आई, मी? या वयात?"

"बेचाळीस म्हणजे काय ग वय झालं? ह्यांनी गाडी हातात घेतली तेव्हा पन्नाशी उलटली होती," आजी म्हणाली. आणि मग थोडा वेळ थांबून ती जे बोलली, ते मी कधीच विसरणार नाही. "मला गाडीचं वाईट वाटत नाही ग. ह्यांनी मला कितीदा म्हटलं, शिकून घे, मी दाखवतो. मीच हसण्यावारी नेलं. बायकांना कशाला हवी मोटार, म्हणाले. त्या रात्री किल्ली खुंटीला होती. ती खुंटी मला रोज दिसते."

तेव्हा आम्हाला कळलं, आजी शेडकडे पाठ का करायची ते. गाडी विकली असती तरी तिचं ते दुःख गेलं नसतं आणि गाडी नुसती झाकून ठेवली असती तरी गेलं नसतं. काका काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच शेडमध्ये जाऊन ताडपत्री ओढली.

गावातले एक मिस्त्रीकाका आजोबांच्या वेळेपासून गाडीचं काम करत. त्यांनी बोनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाले, "ताई, गाडी दुरुस्त करून देतो. पण माझीपण एक अट आहे. मी काम करतो तेव्हा तुम्ही दोघींनी इथं उभं राहायचं. काय कुठे आहे ते माहीत नसलं तर स्टीअरिंगला हात लावायचा नाही."

झालं! महिनाभर माझी आणि आईची शाळाच भरली. गॅरेजात उभं राहून आम्ही चार सिलिंडर मोजले. एक हजार एकोणनव्वद सीसीचं ते इंजिन. 'सीसी' म्हणजे घन सेंटिमीटर. चारही सिलिंडरमध्ये मिळून किती जागा आहे त्याचं माप. क्लच कशासाठी? इंजिन तर सारखं फिरतच असतं, पण गिअर बदलताना इंजिनाचा आणि चाकांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. पायाने क्लच दाबला की संबंध तुटतो, हळूहळू सोडला की जुळतो. एकदम सोडला तर? गाडी बेडकासारखी उडी मारते आणि बंद पडते! चोक कशासाठी? थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून चोक ओढून हवा कमी आणि पेट्रोल जास्त करायचं. इंजिन तापलं की चोक परत आत ढकलायचा.

स्टेपनी बदलायला तर त्यांनी आमच्याकडून तीनदा करून घेतली. चाकाचे नट जॅकवर गाडी उचलायच्या आधीच सैल करायचे, हे तेव्हा कळलं. का? गाडी उचलल्यावर जोर लावला तर चाकच गरगर फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरायची भीती. आईने पदर खोचला, पान्यावर दोन्ही हातांनी जोर दिला आणि नट 'कट्' करून सुटला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, तसं मी आधी पाहिलं नव्हतं.

मग लायसन्स. आधी शिकाऊ लायसन्स काढायचं. त्यानंतर निदान तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येत नाही आणि तोवर शेजारी लायसन्स असलेला माणूस हवाच. पहाटे मेणवलीच्या रस्त्यावर आमचे धडे चालत. एक दिवस मी, एक दिवस आई. पॉवर स्टीअरिंग नव्हतं, त्यामुळे उभी गाडी वळवताना खांदे भरून येत. ब्रेकही पाय रोवून दाबावा लागे.

शिवाय गाडीचे कागद. मोटारीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते. आमची १९९२ सालीच संपली होती. त्यानंतर गाडीची तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. दिवे, ब्रेक, हॉर्न, धूर सगळं तपासलं जातं. मिस्त्रीकाकांनी गाडी साताऱ्याला नेली आणि संध्याकाळी नाचतच परत आले. गाडी पास! पुढच्या महिन्यात आम्हीही पास झालो. आई पहिल्या फटक्यात आणि तिच्यामागून मी.

पहिली लांबची फेरी पाचगणीची ठरली. म्हणजे पसरणीचा घाट! आजी म्हणाली, "मी येणार." ती पुढच्या बाकावर मधोमध बसली, मी जिथे बसून गिअर मोजायची त्याच जागी. मी चालवायला, आई पलीकडे. घाटाचे दोन नियम मिस्त्रीकाकांनी घोटून घेतले होते. एक, अरुंद घाटरस्त्यात खाली येणाऱ्याने वर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणं फार कठीण. दुसरा, ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतं आणि सारखे दाबून ब्रेक तापत नाहीत.

अर्ध्या घाटात तापमानाचा काटा वर सरकू लागला. रबराची एक जुनी नळी पाझरत होती. मी गाडी कडेला घेतली, बंद केली, बोनेट उघडलं, चाकामागे दगड लावला. आणि थांबलो. मुलांनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा : तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच, म्हणजे कधीच लगेच उघडायचं नाही. आत पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे शंभर अंशांवर तापूनही ते उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि उकळतं पाणी व वाफ फवाऱ्यासारखी तोंडावर उसळते. तुमच्या घरच्या कुकरचं झाकण आई वाफ जाऊ दिल्याशिवाय उघडत नाही ना? अगदी तसंच.

अर्धापाऊण तास आम्ही कठड्यावर बसलो. खाली वाईची घरं, कृष्णेचं पात्र, ढोल्या गणपतीचं देऊळ चिमुकलं दिसत होतं. आजीने पिशवीतून दशम्या काढल्या. म्हणाली, "हे पण इथेच थांबायचे. गाडीला तहान लागली म्हणायचे." गाडी निवल्यावर फडक्याने झाकण उघडून पाणी भरलं, नळीवर पट्टी आवळली आणि आम्ही पाचगणीला पोचलो. येताना आई चालवत होती. आजी सबंध रस्ताभर काही बोलली नाही, फक्त आईने गिअर बदलला की हळूच पुटपुटायची, "दोन… तीन…"

घरी आल्यावर निळ्या वहीत मी नोंद करायला बसले तर आजी म्हणाली, "तुझ्या आईचंही नाव लिही." आजोबांच्या अक्षराखाली चार वर्षं कोरं राहिलेलं पान पुन्हा भरायला लागलं.

आता पुढचं थोडक्यात सांगते. मी शिकायला पुण्याला गेले. गाडी वाईलाच राहिली, आईकडे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री आजी न्हाणीघरात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. बाबा कराडला, मी पुण्याला, बाहेर धो धो पाऊस. आईने शेजारच्यांच्या मदतीने आजीला मागच्या सीटवर झोपवलं, पायाला उशा लावल्या आणि साताऱ्याचा पस्तीस किलोमीटरांचा रस्ता धरला. कुणाची वाट पाहावी लागली नाही. आजी बरी झाली आणि त्यानंतर तेरा वर्षं, अगदी ऐंशी वर्षांची होईपर्यंत जगली. त्या रात्रीची नोंद आईच्या अक्षरात आहे : "रात्री १२.४०. सातारा. आई. पोचलो."

पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली होती, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. तेव्हा कितीतरी लोकांना चुटपूट लागली. आमची गाडी मात्र अजून वाईला आहे. आता ती रोजच्या कामाची राहिलेली नाही, पण दर रविवारी पाणी, तेल, हवा बघून नदीपर्यंत एक फेरी होते. २०२१ साली सरकारने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. आमच्या गाडीला २०२७ साली पन्नास वर्षं पूर्ण होतात. आईने अर्जाची माहिती आधीच काढून ठेवली आहे!

तर मुलांनो, तुम्ही आत्ता गाडी चालवायची नाही. अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मुळीच नाही. २०१९ पासून कायदा आणखी कडक झाला आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकांना पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. "एकच फेरी मारतो" म्हणून हट्ट करणाऱ्यांनी आणि तो पुरवणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावं.

पण तुम्हाला आजच करता येईल असं एक काम मी सांगते. येत्या रविवारी एक कागद घ्या आणि घरभर फिरा. आपल्या घरात कुठल्या गोष्टी फक्त एकाच माणसाला येतात, त्याची यादी करा. गॅसचा रेग्युलेटर बंद करणं फक्त आईला येतं का? विजेचा मेन स्विच कुठे आहे हे फक्त बाबांना ठाऊक आहे का? आजोबांच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत, हे आजीशिवाय कुणाला सांगता येईल का? डॉक्टरांचा नंबर कुणाला पाठ आहे? महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ हा नंबर फिरवला की रुग्णवाहिका येते. पण फोनवर आपला पत्ता, जवळची खूण न अडखळता सांगता येते का? एकमेकांना विचारून पाहा. ज्याला येतं त्याने शिकवायचं, ज्याला येत नाही त्याने शिकायचं. यात लहान-मोठं, मुलगा-मुलगी असं काही नाही.

आजी-आजोबांच्या वस्तू आपल्याला वारशाने मिळतात. घड्याळ मिळतं, शिवणयंत्र मिळतं, एखाद्याला गाडीही मिळते. ती वापरायची विद्या मात्र आपोआप मिळत नाही. ती देणारा माणूस समोर आहे तोवरच मागून घ्यायची असते.

मग, तुमच्या यादीत काय काय निघालं ते आम्हाला कळवाल ना?